धाकूच्या घरची म्हातारी

एका डोंगराच्या पोटाशी होतं एक गाव, आणि गावाच्या डोक्यावर होती एक राई. इतकी दाट, की आत भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. ती राई ना राजाची, ना सावकाराची. ती सगळ्या गावाची. तिच्या पायाशी होता झरा, आणि त्या झऱ्यावर सगळं गाव जगायचं. मग गावकरी काय करायचे? वर्षातून एकदा घरटी एक माणूस राईच्या कामाला जायचा. बोलावणं लागायचं नाही की मजुरी लागायची नाही. दुपारी सगळ्यांनी मिळून कुळथाची पिठी आणि भात खायचा, की झालं.

त्या गावात होता धाकू. वाईट नव्हता हं. गोड बोलायचा, गुरावासरांवर माया करायचा. पण जरा अंग राखून असायचा. एका वर्षी त्याच्या मनात आलं, एवढ्या माणसांत माझे दोन हात नसले तर काय अडणार आहे? आणि तो घरीच राहिला, बरं का.

त्या वर्षी राईचा गडगा ढासळला होता. दगडावर दगड रचून बांधलेलं कुंपण म्हणजे गडगा. संध्याकाळी शेजारची जनाकाकी आली. म्हणाली, "धाकू, तुझ्या घरची म्हातारी आली होती रे. एकटीनं तुझ्या वाट्याचा गडगा रचला. सासू का तुझी?"

धाकू चमकला. त्याच्या घरात म्हातारी कुठली? पण तो नुसता म्हणाला, "हं."

"तुला निरोप दिलाय. म्हणाली, धाकूला सांगा, एकदा येऊन भेट."

धाकूची बायको सुंदरा आतून ऐकत होती. काकी गेल्यावर म्हणाली, "अहो, कोण ती, बघून तरी या." धाकू हसला. "काम होतंय ना? मग आपल्याला काय करायचंय!"

मग दुसरं वर्ष आलं. त्या वर्षी झरा गाळानं भरला होता. धाकू पुन्हा गेला नाही. पुन्हा जनाकाकी आली. "तुझी म्हातारी दिवसभर गार पाण्यात उभी होती रे. हातपाय पांढरेफटक पडले तिचे. पण तिनं हात लावला, आणि पाणी कसं उसळून वर आलं! पुन्हा तोच निरोप. धाकूला सांगा, एकदा येऊन भेट."

या खेपेला धाकूला हसू आलं नाही. जावं असं त्याला खरंच वाटलं. पण मग वाटलं, गेलो तर लोक विचारतील, गेल्या वर्षी कुठे होतास? आणि ते जाणं तसंच राहिलं.

मग तिसरं वर्ष आलं. पाऊस लवकर गेला होता, डोंगर वाळून कोळ झाला होता. त्या वर्षी राईभोवती गवत कापून मोकळा पट्टा करायचा होता. म्हणजे वणवा आला, तरी त्याला पुढे खायला काही मिळत नाही. धाकू निघाला होता पलीकडच्या गावच्या जत्रेला. तेवढ्यात जनाकाकी धापा टाकत आली.

"धाकू, चल बाबा. म्हातारी थकलीय. म्हणते, या खेपेला माझ्याच्यानं एकटीनं व्हायचं नाही."

धाकूनं खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "काकी, म्हणावं, उद्या नक्की येतो."

आणि तो गेला जत्रेला. बैल पाहिले, शेव-रेवडी घेतली. पण गोड लागेना. म्हणून तो लवकर परत फिरला. खिंडीत येतो तो काय! डोंगर पेटलेला, आणि आग राईकडे धावतेय. हातातली पुडी टाकून धाकू जो धावत सुटला, तो थेट आपल्या वाट्याच्या पट्ट्याशी. गावकरी हिरव्या फांद्यांनी आग झोडत होते. बाकीचा पट्टा साफ होता. फक्त धाकूच्या वाट्याचं शेवटचं गवत तेवढं उभं होतं, आणि आग नेमकी तिथूनच आत शिरत होती.

तेवढ्यात कडकड असा आवाज झाला. राईतली सगळ्यांत जुनी जांभूळ, वारा नाही, वादळ नाही, मुळासकट कलली आणि त्या उघड्या जागेवर आडवी झाली. तिच्या पोकळ खोडात किती पावसाळ्यांचं पाणी साठलेलं, कुणास ठाऊक! ते भळाभळा वाहिलं. आग फुसफुसली आणि विझली. राई वाचली.

धाकू ओरडत सुटला, "म्हातारी कुठाय? माझ्या घरची म्हातारी कुठाय?"

म्हातारी कुठेच नव्हती. जांभळीपाशी एक विळा पडला होता, आणि कापलेल्या गवताची पेंढी.

जनाकाकी डोळे पुसत म्हणाली, "आम्ही म्हटलं तिला, आजी, तुमच्या हाताखाली येतो. तर म्हणाली, नको गं, माझा धाकू येतोय. मी सांगितलं तो उद्या म्हणतोय, तरी म्हणाली, येईल. त्याला राहवायचं नाही."

धाकू तिथंच मटकन खाली बसला. जांभळीच्या जळक्या खोडावर हात ठेवून म्हणाला, "आलो गं. आलो मी." पण झाडं पडल्यावर कुठली बोलायला?

गावात त्याला कुणी वावगं बोललं नाही. तेच त्याला फार लागलं. पुढे तो दर वर्षी कामाला सगळ्यांच्या आधी गेला. झरा कधी आटला नाही. धाकूला मुलं झाली, नातवंडं झाली, सगळी सुखानं नांदली. पण धाकू म्हातारा झाला तरी जनाकाकीला विचारायचा, "काकी, दिसायला कशी होती गं ती?" काकी सांगायची, "सावळी होती. हसरी होती." आणि धाकू डोळे मिटून तिला बघायला जायचा. पण जिला पाहिलंच नाही, ती दिसणार कशी?

गावाला पाणी पुरलं, गुरांना चारा पुरला, आणि आपली गोष्टही इथवरच पुरली. मिटा डोळे. झोपा आता, माझी बाळं ती.