तसबिरीपुढचा मुजरा

देवसरी संस्थानच्या राजवाड्याचं कलासंग्रहालय झालं, तरी तुळाजीराजांच्या डोक्यातलं संस्थान काही खालसा झालं नव्हतं. एके दिवशी ते संग्रहालयाच्या प्रमुख मृदुला सबनीस यांच्यापुढं येऊन उभे राहिले.

"बाई, लोक आमच्या आजोबांच्या तसबिरीसमोर ताठ मानेनं उभे राहतात. प्रत्येकानं मुजरा केलाच पाहिजे. नाहीतर तसबीर घरी नेतो."

तसबीर राजांच्याच मालकीची होती आणि निम्मे लोक तिच्यासाठीच येत. बाई शांतपणे म्हणाल्या, "होईल, सरकार."

आठवड्यानं राजे आले आणि बघतच राहिले. जो येई तो आजोबांपुढं कमरेत वाकत होता! बाईंनी दालनातल्या सगळ्या नावाच्या पाट्या गुडघ्याच्या उंचीवर, बारीक अक्षरांत लावल्या होत्या.

मिशीवर ताव देत राजे शेजारच्या चित्राकडं वळले. लाल पागोटं, करारी नजर, रुंद छाती. "हे आमच्या घराण्यातले कोण बरं?" म्हणत तेही पाटी वाचायला वाकले.

पाटीवर लिहिलं होतं, 'खंडू माहूत'.

राजे ताडकन सरळ झाले. "हा मुजरा नव्हता! आम्ही नुसतं नाव वाचत होतो."

"मग बाकीचेही नावच वाचताहेत, सरकार," बाई म्हणाल्या. "आणि त्यांचा मुजरा आजोबांना पोचत असेल, तर तुमचा खंडूला पोचला. काय ते सरकारांनीच ठरवावं."

राजे खो खो हसत सुटले.

"पोचला म्हणा! तसबीर राहू द्या. नाहीतरी हत्तीवर खंडू आजोबांच्या पुढंच बसायचा."