आडवा पाय

"आणि विषयही तिलाच देऊन टाकू, सर?"

डॉ. विश्राम घोडके मिरजेला आपल्या गुरूंकडे आला होता. आठल्ये सरांनी हयात कंपवाताच्या संशोधनात घालवली. निवृत्त होताना प्रयोगशाळा विश्रामच्या हाती दिली. आता तोच आजार त्यांच्या अंगात मुरला होता. चेहरा थिजलेला, आवाज खोल गेलेला.

"कुणाला?" सरांनी विचारलं.

"तहसीन मुजावर. माझी विद्यार्थिनी. तरुण संशोधकांना स्वतःची प्रयोगशाळा उभारायला एक निधी मिळतो. तिची निवड होतेय. पण विषय तिचा आहे, माझा त्यावर हक्क नाही, असं मी निधी देणाऱ्यांना कळवायला हवं."

"विषय कुणाचा?"

"मेंदूच्या पेशी कशा वाढवायच्या, ते मी शिकवलं तिला."

"विषय कुणाचा, विश्राम?"

"...सुचला तिला. पण माझ्या प्रयोगशाळेत."

"हुशार आहे?"

"माझ्याहून." शब्द निसटला तसा विश्राम घाईने म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, अजून थोडी वर्षं राहू दे माझ्याकडे. पाया पक्का होईल. तुम्हीही मला हेच म्हणाला होतात."

"आणि तू राहिलास."

"राहिलो. त्या निधीची वयोमर्यादा उलटून जाईपर्यंत." विश्राम हसला.

सरांचं हसू आता चेहऱ्यावर उमटत नसे. त्यांनी नुसतं पाहिलं.

"तुझा तो झोपेचा विषय... हात थरथरण्याच्या कितीतरी आधी आजाराची चाहूल झोपेत लागते, म्हणायचास."

"राहून गेला, सर. तुमचं काम आधी पुरं करायचं होतं. मग दुसरीकडे कुणीतरी केला तो."

"चांगला केला?"

"चांगला केला."



आतून काकूंनी जेवायला हाक मारली. सर उठले, बारीक पावलं टाकत निघाले. विश्राम बाजूने चालत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी सरांचे पाय जमिनीला चिकटले. अंग पुढे जायला बघत होतं, पावलं हलेनात.

विश्रामने त्यांचा हात घट्ट धरला आणि पुढे ओढलं. सरांचा तोल गेला.

"ओढू नकोस... पडेन मी."

"मग काय करू?"

"पाय घाल. माझ्या पुढ्यात, आडवा. ओलांडायला काही असलं की पाऊल सुटतं."

"तुमच्यापुढे? सर, तुम्ही माझा पाय ओलांडायचा..."

"घाल."

विश्रामने संकोचत आपला पाय सरांच्या पावलांपुढे आडवा ठेवला. सरांनी खाली पाहिलं. चिकटलेलं पाऊल सुटलं, वर उचललं गेलं, विश्रामचा पाय ओलांडून पलीकडे पडलं. त्यामागून दुसरं.

मग ते थेट टेबलापर्यंत चालत गेले.

काकूंनी खुर्ची ओढून दिली. हे त्यांना रोजचंच होतं.

विश्राम दारातच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"सर... विषय तहसीनचाच आहे, असं आजच कळवतो."

सर ताटाकडे बघत राहिले. हात मांडीवर थरथरत होता.

"मी तर तुझा हातच धरून बसलो, विश्राम."