वर थांबण्याचा मंत्र

"मग हिनं उठायचं तरी कधी, बुवा?" विद्याधर सबनीसांनी विचारलं. विचारतानाही त्यांच्या उड्या चालूच होत्या.

कृष्णेकाठच्या त्या लहानशा मठाच्या ओसरीवर त्यांनी आपला छोटा ट्रॅम्पोलिन मांडला होता. लोखंडी कडं, भोवती स्प्रिंगा, मधे ताणलेलं काळं कापड. मुक्काम दोन दिवसांचा, तरी गाडीच्या डिकीत घालून तो आणलाच. खाडा झालेला त्यांना खपत नसे.

खांबाला टेकून त्यांची बायको मालिनी बसली होती. पुढ्यातला चहा केव्हाच निवून गेला होता.

समोर अप्पाबुवा काठी घेऊन बसले होते. सबनीस कॉलेजात होते तेव्हापासून ते त्यांचे गुरू. आता पार थकले होते.

"ऋजुताला जाऊन वर्ष झालं," सबनीस म्हणाले. "एकुलती एक पोर. मला दुःख नाही का? माझी साखर वाढली, गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, पळू नका, यावर उड्या मारा, गुडघ्यांना त्रास होणार नाही. मारल्या! आता साखर ताब्यात आहे, पोट गेलं. लोक म्हणतात, सबनीस सावरले. आणि ही? पोरीच्या खोलीच्या दारात बसून असते दिवसभर. सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

आणि त्यांनी मनगट पुढे केलं. स्वतःच्या नाडीचा त्यांना भारी अभिमान. भेटेल त्याला ती दाखवायची खोडच जडली होती. गुरूंनाही सोडलं नाही.

बुवांनी मनगटाला हात लावला नाही.

"उडताना काय वाटतं रे?"

"छान वाटतं."

"खरं सांग."

उड्यांचा ताल चुकला.

"वर गेलो की क्षणभर... काहीच नसतं, बुवा. अंगाला वजन नसतं. ती गेली, हेसुद्धा नसतं."

"मग?"

"मग खाली येतो."

...

"म्हणून परत मारतो." सबनीसांनी उडीचा जोर वाढवला. "घामाघूम होईस्तोवर मारतो. तब्येतीचं आपलं लोकांना सांगायला. थांबलो तर मरेन मी. बुवा, मला वरच ठेवा. कुठलाही मंत्र द्या, पण वर ठेवा."

मालिनीनं मान वर केली.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुम्हाला काही वाटतच नाही."

सबनीस थांबले. स्प्रिंगा थोडा वेळ कुरकुरल्या आणि गप्प झाल्या.

"बस," बुवा म्हणाले.

"कुठे?"

बुवांनी काठीनं ते काळं कापड दाखवलं. सबनीस मुकाट्यानं मधोमध बसले.

"मालिनी, तूही ये."

"नको, बुवा."

"ये, बाळ."

ती उठली. कशीबशी कडेला टेकली.

कापड दोघांसाठी नव्हतंच. ते खाली गेलं आणि ती घसरत थेट नवऱ्याच्या अंगावर आली. खांद्याला खांदा लागला. वर्षभरात त्यांचा एकमेकांना असा स्पर्श झाला नव्हता. ताटसुद्धा ती टेबलावर ठेवून निघून जायची.

तिनं त्यांचा घामेजलेला बनियन मुठीत धरला आणि ती ओरडून रडू लागली.

सबनीसांनी दात आवळले. उपयोग झाला नाही. पोटातून असा काही आवाज आला की त्यांचे तेच घाबरले. पोरीला अग्नी देतानाही ते असे रडले नव्हते. सावरलेला माणूस सगळा विस्कटला होता, आणि आता काही केल्या तो गोळा होणार नव्हता.

...

मग लाज वाटली. मठात माणसं येत-जात होती. कड्याला धरून ते उठू लागले, पण कापड आणखी दबलं. मालिनी त्यांच्याकडे आणखी कलली.

"बुवा, हात द्या," ते म्हणाले. "उठता येत नाहीये."

बुवांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बसा दोघं. अजून तळ लागलेला नाही."