पालथा पंजा

ओवी जूनमध्ये पहिलीत जाणार आणि पेन्सिल अजून डाव्याच हातात, या काळजीनं तिच्या आईची, सुनीतीची, झोप पार जर्मनीच्या सहलीतही खाल्ली होती. "दुसरा हात" असं ती दिवसातून किती वेळा म्हणायची, कोण जाणे. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईनं ते मोजू नये, हेच बरं.

तिथल्या ग्राउएनटाल गावाच्या बाजारवेशीवर दगडात एक पंजा कोरलेला आहे, डावा. वाटाड्या वेन्डेलिनआजोबांनी त्याची गोष्ट सांगितली.

आठशे वर्षांपूर्वी म्हणे या गावाची स्वतःची टांकसाळ होती. नाणी चांदीची, नखाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. एका बाजूनं ठोकलं की तेच चित्र पाठीवर खोलगट आणि उलटं दिसे. उमरावाचा हुकूम होता, ज्यावर उजवा पंजा दिसेल तेच नाणं खरं. कोरणारा आपला मोकळा डावा हात समोर ठेवून तसाच ठशात कोरी. ठोकताना तो उलटून उजवा होई.

एका वर्षी कोरणारा आजारी पडला आणि ठसा त्याच्या बायकोनं, मेख्टिल्डनं कोरला. ती डावखुरी. तिचा मोकळा हात उजवा. नाण्यावर उमटला डावा पंजा, आणि कुणाच्या लक्षात येईतो नाणी जत्रेत पोचली होती.

खोट्या नाण्याला शिक्षा एकच, कोरणारा हात तोडायचा. भर बाजारात तिचा डावा हात ओंडक्यावर ठेवला गेला. उमरावाच्या कारभाऱ्यानं विचारलं, "काही सांगायचंय?"

"नाणं पालथं करा."

त्यानं केलं. पाठीवरचा खोलगट पंजा उजवा होता.

"हुकमात 'दिसेल' एवढंच आहे," मेख्टिल्ड म्हणाली. "कुठल्या बाजूनं, ते नाही."

असं सांगतात की आधी एक खाटीक हसला, मग सगळा बाजार. शेकडो हातांनी नाणी पालथी करून उंच धरली. कारभाऱ्यानं हुकूम तीनदा वाचला आणि कुऱ्हाड परत पाठवली. ते नाणं वर्षभर पालथंच चाललं. पुढची तीस वर्षं ठसे मेख्टिल्डनंच कोरले, डाव्या हातानं.

आजही जत्रेच्या दिवशी इथं देणंघेणं डाव्या हातानंच होतं. मायलेकी तिथं होत्या त्या दिवशी जत्राच होती. पाववाल्या बाईनं डाव्या हातानं गरम पाव पुढे केला. ओवीनं तो डाव्या हातानं घेतला, एक लचका तोडला आणि सुनीतीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "तू बोलायचं विसरलीस."