साळबाची पाटी

ज्या काळी रानातल्या जनावरांना लिहिता-वाचता येत असे, त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी साळबा नावाचा साळिंदर राहायचा. अंगावरून गळलेला प्रत्येक काटा तो जपून बिळात रचून ठेवी. काट्यांची चांगली रास झाली, तशी त्याची छाती फुगली आणि त्याने दारात पाटी लावली : ‘खबरदार! आत शंभर धारदार काटे आहेत.’

शेजारची घोरपड म्हणाली, “साळबाभाऊ, घरात काय आहे ते रानभर कशाला सांगायचं?”

“अगं ताई, चोर हे वाचेल आणि पळत सुटेल!”

चोराने ते वाचलं. तो होता कावळा, आणि घरट्यासाठी काड्या शोधून शोधून मेटाकुटीला आला होता. साळबा कंद उकरायला गेल्याबरोबर तो बिळात शिरला आणि दहा-बारा खेपांत सगळे काटे घेऊन गेला.

परतल्यावर साळबाला आपले काटे कावळ्याच्या घरट्यात खोचलेले दिसले. तो झाडाखाली जाऊन ओरडला, “पाटी वाचली नाहीस का रे?”

“वाचली की! म्हणून तर आलो,” कावळा वरून म्हणाला. “नाहीतर मला कसं कळणार?”

साळबा वाटभर धुसफुसला. मग त्याचं त्यालाच हसू फुटलं. घरी येऊन त्याने पाटी पुसली आणि नवं लिहिलं : ‘गोड कंद आणलेत. बसायला या.’

घोरपड आली, ससे आले, कासव तर मुक्कामालाच आलं. तेव्हापासून साळबाच्या दारात कोणी ना कोणी गप्पा मारत बसलेलंच असतं. कावळा अजूनही अधूनमधून येतो, पाटी वाचतो, अंगणातल्या मंडळींकडे बघतो आणि आवाज न करता उडून जातो.