राखेतलं शीत

फार फार वर्षांपूर्वी, काडेपेटी नावाची वस्तू कुणाच्या स्वप्नातही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती मांडी घालून ऐकावी. मोठ्यांनी जरा मान खाली घालून ऐकली तरी चालेल.

एका खाडीच्या काठी चाळीस उंबऱ्यांचं गाव होतं. टेकडीवर येशूचं देऊळ होतं. झावळ्यांच्या रविवारी पाद्रीबाबा माडाच्या झावळ्यांना आशीर्वाद द्यायचे. प्रत्येक घर आपली झावळी नेऊन क्रुसामागे खोचून ठेवायचं. वर्षभर ती तिथंच वाळायची. पुढच्या वर्षी उपवासकाळ तोंडावर आला की सगळ्या झावळ्या गोळा करून जाळायच्या आणि राखेच्या बुधवारी तीच राख कपाळाला लावून चाळीस दिवसांचा उपवास धरायचा, अशी रीत होती.

झावळ्या गोळा करून जाळण्याचा मान कुंभाराच्या घराचा होता. एका नव्या मडक्यात विस्तव न्यायचा, दुसऱ्यात राख आणायची. त्या वर्षी कुंभाराचे गुडघे धरले होते, म्हणून ते काम त्याच्या मुलीकडे आलं. मुलगी विशीतली आणि जिभेला तिखट. "मडकं सांभाळ" म्हणायच्या आधी बापानं तिला "तोंड सांभाळ" म्हटलं, ते उगाच नाही.

त्याच दिवसांत गावात एक भलतीच गोष्ट घडली होती. खोताच्या घरची राबणारी बाई घर सोडून निघाली होती. तिची आई खोताच्या गोठ्यात राबत मेली, हीसुद्धा त्याच गोठ्यात जन्मली. तिला मुलगी झाली तेव्हा खोतीण बाळाकडे पाहून म्हणाली, "बरं झालं हो, पुढं भांडी घासायला सोय झाली." बाळ तीन महिन्यांचं झालं तसं बाईनं ते पाठीला बांधलं आणि खाडीकाठच्या एका ओसाड खोपटात जाऊन राहिली.

खोत चिडला नाही. तो हसला. पारावर बसून त्यानं सांगितलं, "तिला कुणी विस्तव द्यायचा नाही. थंडीचे दिवस आहेत. येईल आपल्या पायांनी."

त्या काळी चूल विझली की शेजारणीकडून विस्तव मागून आणत. विस्तव नाही म्हणजे शिजलेलं अन्न नाही, ऊब नाही, काहीच नाही. गावानं खोताचा शब्द पाळला. पण गावात दयाळू माणसंही होती! बंदी विस्तवाची होती, तांदळाची नव्हती. म्हणून ती माणसं जाता-येता खोपटाच्या दारात मूठभर तांदूळ ठेवायची. कच्चे. त्यात दयाही व्हायची आणि खोताची मर्जीही राहायची.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी कुंभाराची मुलगी डोक्यावर झावळ्यांचा भारा, एका हातात विस्तवाचं मडकं आणि दुसऱ्यात राखेसाठी रिकामं मडकं घेऊन टेकडीकडे निघाली. वाट खोपटावरून जात होती. दारात बाई बसली होती. समोर तांदळाचा ढीग आणि मांडीवर किरकिरणारं बाळ.

"कशी आहेस, बाय?"

"दूध आटलं, पोरी," बाई म्हणाली. "भिजवलेले तांदूळ चावून किती दिवस काढू? मी काढले असते. हिला कसं सांगू? उद्या सकाळी परत जाते त्यांच्याकडे."

"परत? आणि ही मोठी झाली की?"

बाई बाळाच्या मुठी चोळत राहिली.

मुलीनं भारा खाली टाकला. विस्तव होता, पण जळण कुठं होतं? खाडीतून वाहून आलेल्या ओल्या ओंडक्यांना नुसते निखारे दाद देईनात. तिनं फुंकून फुंकून डोळे लाल केले. त्या सगळ्या किनाऱ्यावर कोरडी अशी एकच वस्तू होती.

"अगं नको!" बाई दचकली. "देवाच्या आहेत त्या."

"मग देवालाच थंडी वाजत असेल तर?" मुलगी म्हणाली आणि तिनं पहिली झावळी चुलीत सारली.

चाळीस घरांच्या झावळ्या जळल्या. पेज रटरटली, उतू जाऊन राखेतही सांडली. बाई गरम पेज प्यायली, तिनं बाळाला पदराखाली घेतलं, आणि कितीतरी वेळानं ते बाळ किरकिरायचं थांबलं. तोवर ओंडक्यांनीही पेट घेतला होता. मुलीनं निखारे त्यांच्याखाली सरकवले आणि झावळ्यांची राख फडक्यातून गाळून रिकाम्या मडक्यात भरली. गाळताना फडक्यावर एक शीत राहिलं. तिनं ते उचललं, चिमटीत धरून पाहिलं आणि मुद्दाम परत राखेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. आपण चाळीस दिवस काय सोडणार, हे प्रत्येकानं उभं राहून सांगायचं असे. खोत नेहमीप्रमाणे पहिला उठला. "यंदा मी मासळी सोडली, ताडी सोडली. आणि विड्याचं पानसुद्धा सोडलं!" लोकांनी माना डोलावल्या. केवढा हा त्याग!

राखेचा मानही पहिला खोताचाच. पाद्रीबाबांनी मडक्यात अंगठा बुडवला आणि त्याच्या कपाळावर क्रूस काढला. तोच पुढच्या रांगेतलं एक चिमुरडं ओरडलं, "आई, खोतबाबांच्या कपाळाला भात!"

खरंच, राखेच्या मधोमध एक शीत चिकटलं होतं. देवळात खसखस पिकली.

खोतानं बोटानं चाचपलं. "कुंभाराच्या पोरी! राखेत शीत कुठून आलं?"

"चुलीतून," मुलगी म्हणाली. "झावळ्या मी खाडीकाठच्या खोपटात जाळल्या. त्यांच्यावर पेज शिजली."

हसू थांबलं. आता सगळ्यांना कळलं की खोतानं जो विस्तव द्यायला गावाला बंदी केली, त्याचीच राख त्याच्या कपाळावर होती.

"ही राख विटाळली!" खोत गरजला. "देवाच्या झावळ्या तू त्या पळपुटीच्या चुलीत घातल्यास? तुझ्या घराचा मान काढून घेतो!"

"मान घ्या. मडकं पण घ्या. पण एवढं सांगा, खोतबाबा, चाळीस दिवस तुम्ही मासळी सोडणार, ताडी सोडणार. तिला कधी सोडणार? तुमची मासळी सुटली काय, न सुटली काय, त्यात खाडीतल्या माशाखेरीज कुणाचं भलं होतंय?"

"पोरी, मोठ्यांपुढं बोलू नये," मागून कुणी वडीलधारे पुटपुटले.

"मोठे बोलत नाहीत म्हणून मी बोलते. पाच दिवस तुम्ही तिच्या दारात कच्चे तांदूळ ठेवलेत. कशाला? चिमण्यांना घालतात तसे?"

कुणी वर पाहीना. आता राखेची रीत अशी होती की एकदा लावलेली राख पुसायची नाही. ती आपोआप झडायची. पुसणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. खोताला ते ठाऊक होतं. पण तिथं उभ्यानं ते शीत त्याला निखाऱ्यासारखं भाजत होतं. त्यानं खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि भर देवळात कपाळ पुसलं.

"नवी राख आणा," तो म्हणाला.

"नवी कुठून आणू?" पाद्रीबाबा मडक्यात पाहत म्हणाले. ते आयुष्यभर खोताला भीत आले होते. "आशीर्वादाच्या झावळ्या एवढ्याच होत्या."

मग काठी टेकल्याचा आवाज आला. धरलेल्या गुडघ्यांनी कुंभार पुढं येत होता. मुलीला वाटलं, आता बाप चारचौघांत कान धरणार.

"मडकं माझ्या घरचं," कुंभार म्हणाला, "विस्तव माझ्या चुलीचा, आणि जीभही माझ्याच पोरीची. तेव्हा पाद्रीबाबा, आधी मला लावा."

पाद्रीबाबांनी एकदा खोताकडे पाहिलं, एकदा मडक्याकडे. मग त्यांनी अंगठा बुडवला. कुंभारामागून कोळीण आली, सुतार आला, ते चिमुरडं आईच्या कडेवरून आलं. दुपारपर्यंत गावातल्या एकूण एक कपाळावर त्या खोपटातल्या चुलीची राख होती. विस्तवबंदी मोडली म्हणून आता शिक्षा करायची तर कुणाला करणार? खोताचं एकट्याचं कपाळ तेवढं कोरं होतं.

बाई परत गेली नाही. तिच्या खोपटाला छप्पर झालं, आणि दारात शिजवलेला घास येऊ लागला.

आणि खोताच्या घरी? तिथं रोज चुलीतले निखारे राखेखाली झाकून जपायचं काम ती बाईच करायची. दुसऱ्या कुणाला ते धड येत नव्हतं. आठवड्याच्या आत एका सकाळी खोताची चूल विझली. खोतीण भांडं घेऊन घरोघर फिरली. शेजारणी म्हणाल्या, "विस्तव नाही गं बाई. तांदूळ देऊ का मूठभर?"

शेवटी खोत स्वतः खाडीकाठी आला. दारात उभा राहिला, पण मागायला तोंड उघडेना. बाईनं त्याच्याकडे पाहिलं, आत गेली आणि पळीभर रसरशीत निखारे त्याच्या भांड्यात घातले.

"न्या," ती म्हणाली. "विस्तव देऊन कुणाचा कमी होत नाही. पण भांडी मात्र तुमची तुम्ही घासा."

खोत भांडं घेऊन वळला. राखेचा एक कण उडून त्याच्या कपाळावर बसला. तो त्यानं पुसला नाही.

बोध हाच, की शेजाऱ्याची चूल विझवून जो उपवास धरतो, त्याच्या कपाळावरची राख ही नुसतीच राख.