न वाढणारी यादी

कृष्णाकाठच्या एका गावात श्रीपाल उपाध्ये नावाचा एक संगणक-अभियंता राहत असे. बुद्धी तल्लख, हात चपळ, बोलणे गोड. उणीव एकच. काम झाले असे वाटले, की ते झालेच असे तो धरून चाले.

त्या गावी चैत्रात भैरवनाथाची जत्रा भरे आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड रंगे. फडाची एक रीत होती, आणि देवापुढे घेतलेल्या शपथेसारखी ती पाळली जाई. लाल माती कपाळाला लावून जो मल्ल मैदानात उतरेल, त्याला जोड मिळालीच पाहिजे. आयत्या वेळी आला म्हणून कोणालाही परत पाठवायचे नाही.

यंदा पंचांनी मैदानात मोठा विजेचा फलक उभारला. जोड्या ओरडून सांगताना दरवर्षी भांडणे होत. म्हणून ठरले, की ज्याचे नाव फलकावर उमटेल त्याचीच कुस्ती लागेल. फलकामागचा प्रोग्राम लिहिण्याचे काम श्रीपालकडे आले.

श्रीपालने तो जावा भाषेत लिहिला. मल्लांची नावे त्याने प्रथम ॲरेमध्ये ठेवली. ॲरे म्हणजे ठरावीक खान्यांची पेटी. आरंभी जितके खाने पाडावेत, तितकेच अखेरपर्यंत राहतात.

पंचांचे प्रमुख तातोबा वस्ताद यांनी विचारले, "ऐन वेळी पैलवान आला, तर नाव चढंल न्हवं?"

"चढेल, वस्ताद. पेटीची मी लिस्ट करतो. लिस्ट हवी तितकी वाढते."

बोलणे खरे होते. पण पेटीची लिस्ट करण्याचे दोन मार्ग होते. पहिल्यात नवी, मोकळी लिस्ट तयार करून प्रत्येक नाव तिच्यात उतरवावे लागते. दुसऱ्यात एका आज्ञेने जुन्या पेटीवरच लिस्टचा मुखवटा चढतो. पाहणाऱ्याला ती लिस्ट दिसते. आत मात्र तेच मोजके खाने. भाषेच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलेले होते. श्रीपालने ते वाचले नाही. त्याने दुसरा मार्ग धरला आणि काम एका ओळीत आटोपले.

तालुक्याच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या नसीमा मुलाणी या त्याच्या गुरू. फडाच्या आदल्या दिवशी त्यांनी प्रोग्राम चालवून पाहिला.

"श्रीपाल, एक नाव वाढवून बघितलंस?"

"मॅडम, लिस्ट आहे ती. वाढणारच."

"लिस्ट तू म्हणतोयस. ती स्वतः काय म्हणते, ते विचार."

"उद्या फडावरच विचारतो," असे म्हणून श्रीपाल हसला. गुरूचा शब्द त्याने कानाआड केला.

फडाचा दिवस उजाडला. हलगी कडाडली. माणसे झाडांवर चढली, कौलांवर बसली, ट्रॉल्यांवर उभी राहिली. फलकावर नावे झळकू लागली आणि शड्डूंचा आवाज नदीपार जाऊ लागला. बाबगोंडा चौगुले याने आपल्या जोडीदाराला आस्मान दाखवले, तेव्हा फेट्यांचा पाऊस पडला. फलकावर अक्षरे उमटली: बाबगोंडा चौगुले विजयी. श्रीपालचा ऊर भरून आला.

दुपार कलली. तोच गर्दीतून वाट काढीत मैना मगदूम मैदानात उतरली. सीमेकडच्या खेड्यातली ही मुलगी. तिची एसटी वाटेत बंद पडली, म्हणून निम्मी वाट ती चालत आली होती. शहरातल्या मोठ्या तालमीचे वस्ताद त्या दिवशी मुली निवडण्यासाठी आले होते. त्यांच्यासमोर कुस्ती झाली, तरच तालमीचे दार उघडणार होते. मैनाच्या वजनाची शेवंता पुजारी जोडीवाचून बसून होती. मैनाने वाकून माती उचलली, कपाळाला लावली आणि शड्डू ठोकला.

"श्रीपालराव, घ्या नाव! मैना मगदूम!" तातोबा गरजले.

श्रीपालने नाव लिहिले आणि कळ दाबली. फलक काळा पडला. संगणकावर एकच ओळ उभी राहिली: ही क्रिया येथे मान्य नाही.

त्याने प्रोग्राम पुन्हा चालू केला, पुन्हा नाव लिहिले. फलक पुन्हा काळा पडला.

"फलकाला पुरणपोळी जड झाली वाटतं!" कोणीतरी ओरडले, आणि सारे मैदान हसले.

श्रीपालच्या तोंडचे पाणी पळाले. खोटे बोलणे त्याला त्या क्षणी सोपे वाटले. तो म्हणाला, "वस्ताद, यादी भरली."

मैनाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "यादी भरली म्हनता. मैदान तर रिकामं दिसतंय."

तातोबांची मान खाली गेली. त्यांच्या हयातीत फडाची रीत कधी मोडली नव्हती. ते पाहून श्रीपालने आणखी एक युक्ती केली. बाबगोंडा तर लढून मोकळा झाला होता. त्याचे नाव पुसून त्याच जागी त्याने मैनाचे नाव लिहिले. मूळ पेटीत बाबगोंडाचे नाव शाबूत असेल, अशी त्याची समजूत होती. पण मुखवट्यावर केलेला घाव तोंडावरच बसतो. पेटीतले नावही त्याच क्षणी पालटले. फलक लखलखला आणि बाबगोंडाच्या निकालाच्या ओळीत अक्षरे उमटली: मैना मगदूम विजयी.

बाबगोंडा ताडकन उठला. "अरं, ह्या पोरीनं मला कवा पाडलं?"

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मैना मात्र हसली नाही. ती म्हणाली, "दादा, तुमची कुस्ती तुमचीच. न लढता मिळालेलं मला नगं. मला माझी द्या."

शेजारचा एक पंच श्रीपालच्या कानाशी लागला. "मशीन बिघडलं म्हणा. कोण विचारतंय?"

श्रीपालने देवळाच्या शिखराकडे पाहिले. बिघडले काय होते, हे भैरवनाथाला ठाऊक होते आणि त्याला स्वतःलाही. त्याने ध्वनिक्षेपक हाती घेतला.

"मंडळी, मशीन बिघडलेलं नाही. यादीही भरलेली नाही. वाढणारी यादी करतो असा शब्द मी दिला आणि जुन्या पेटीला यादीचं नाव दिलं. गुरूंनी तपासायला सांगितलं, ते मी केलं नाही. त्यावर खोटंही बोललो. दोष माझा आहे. थोडी सवड द्या, आणि हलगी थांबवू नका."

तातोबांनी हात उंचावला, आणि हलगी दुप्पट जोराने घुमली.

श्रीपाल कामाला भिडला. त्याने नवी, मोकळी लिस्ट उभी केली. बाबगोंडाचे नाव स्वस्थानी आणले. पेटीतले प्रत्येक नाव त्याने नव्या लिस्टमध्ये उतरवले, आणि यापुढे फलकाने तीच वाचावी अशी आज्ञा लिहिली. या खेपेस त्याने आधी परीक्षा घेतली. हाताशी दुसरे नाव नव्हते, म्हणून त्याने स्वतःचेच वाढवले.

फलकावर झळकले: पैलवान श्रीपाल उपाध्ये.

"या की मातीत!" बाबगोंडाने शड्डू ठोकला. "कापडं काढा, श्रीपालराव!"

श्रीपालने दोन्ही हात जोडले आणि आपले नाव काढून टाकले. ते निघालेही. यादी वाढत होती आणि आटतही होती. मग त्याने मैनाचे नाव लिहिले. फलक विझला नाही. मैना मगदूम विरुद्ध शेवंता पुजारी!

मैदान उठून उभे राहिले. दोघी भिडल्या. शेवंताने पट काढला, मैना निसटली. शेवंताने तिला खाली घेतले, मैना मातीला चिकटून राहिली. क्षणभर तिचा एक खांदा मातीला टेकला, आणि श्रीपालने डोळे मिटून देवाचे नाव घेतले. डोळे उघडले, तेव्हा मैनाने कूस बदलली होती. ती उसळून उठली, शेवंताची मान कवेत धरली आणि अशी काही ढाक मारली, की पाठीवर पडलेल्या शेवंताला आभाळ दिसले.

आरोळ्यांनी देवळातल्या घंटा जणू आपोआप वाजल्या. मैनाने हात देऊन शेवंताला उठवले. शहरातले वस्ताद फारसे बोलणारे नव्हते. ते मैनापाशी आले, तिच्या मानेवरून पंजा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "वळकटी बांध, पोरी. सोमवारी तालमीत ये."

तात्पर्य: नाव बदलल्याने वस्तूचा स्वभाव बदलत नाही, म्हणून दिलेल्या शब्दाची परीक्षा आधी स्वतः घ्यावी, आणि चूक घडलीच, तर तिच्यावर मुखवटा न चढवता ती कबूल करून मुळापासून सुधारावी.